बसम्माच्या दह्यातले जंतू

परभणी जिल्ह्यात उर्दू फक्त दोघांना कळते, असं उद्धवरावांचं ठाम मत होतं. एक अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, आणि दुसरे आपण. त्यातही तालुकदारसाहेबांची जरा कच्चीच असावी, असा त्यांना संशय होता.

मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते कारकून होते. निजाम सरकारला मराठी येत नव्हती आणि मानवतच्या माणसाला सरकारची उर्दू येत नव्हती. या दोघांच्या मधल्या खड्ड्यात उद्धवराव उभे राहायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. फुकट. खड्डा कुणीही खणलेला असो, त्यात उभं राहणाराच चिखलानं भरतो, हे त्यांना अजून कळायचं होतं.

तसा एक धडा त्यांना मिळाला होता. गेल्या साली पटकी आली आणि प्रमोदिनीला, त्यांच्या बायकोला, एका दिवसात घेऊन गेली. ज्यांचे ज्यांचे अर्ज त्यांनी लिहिले होते त्या सगळ्यांनी दारं लावून घेतली. खांद्याला चार माणसं मिळेनात. एरवी उंबऱ्यावर बसून ‘उद्धवराव तुमी म्हंजी आमचे वकील’ म्हणणारे मुंजाजी वाणी तर सोनपेठला पाहुण्याकडं निघून गेले, ते तेराव्यानंतर परतले आणि आल्या आल्या त्यांनी अर्जाचीच आठवण करून दिली. अशी माणसं. यांना नावं ठेवायची नाहीत तर मग ठेवायची कुणाला?

आली ती फक्त शेजारची बसम्मा. एकटीच राहणारी, म्हशी पाळून दही विकणारी लिंगायताची विधवा. पाणी तापवून तिनं दिलं, प्रमोदिनीचे केस तिनं विंचरले. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिची हाक यायची.

“उद्धवराव, हाईत का घरात?”

“हाय.”

“दही ठिवलं बगा कट्ट्यावर.”

“बरं.”

संपलं. जिनिंगमध्ये यंत्राच्या घरघरीत कुणी कुणाशी बोलत नसे आणि घरी बोलायला कुणी नव्हतं. तेव्हा उद्धवरावांचं दिवसभराचं बोलणं म्हणजे ‘हाय’ आणि ‘बरं’. कधी हाकेला उशीर झाला तर ते उगाच दाराशी जाऊन खोकायचे. वाटी रिकामी करून घासायचे, पुन्हा घासायचे आणि अशी लखलखीत करून परत ठेवायचे, की बसम्मा म्हणायची, “वाटीत तोंड बगायलात का काय?” त्या दिवशी बोलण्यात एका वाक्याची भर पडायची आणि ते त्यांना दुपारपर्यंत पुरायचं.

बसम्माची सासू जिवंत होती तेव्हा मात्र भिंतीपलीकडून वेगळीच गोडी असायची. चन्नबसम्मा तिचं नाव. देवभोळी बाई, गळ्यात लिंग आणि जिभेवर निखारा. उद्धवराव अंगणात दिसले की तिचं सुरू व्हायचं, “कारकुंड्या, तुज्या न्हाणीचं पानी आमच्या अंगणात यायलंय. शाई प्यालास का रं, बोलत का न्हाईस?” ती गेली तेव्हा उद्धवराव खांदा द्यायला गेले होते. लिंगायतांच्या रीतीनं बसवून नेलेली म्हातारी वाटेतही काहीतरी बोलेल अशी त्यांना धास्ती होती.

तर पावसाळ्याच्या तोंडाला हैदराबादहून एक डॉक्टर पटकीची सुई टोचायला आले. चावडीत त्यांनी टेबल मांडलं. टेबलापाशी डॉक्टर आणि माश्या यांच्याशिवाय कुणी फिरकेना. गावात बातमी होती, की सुई टोचली की माणूस वाळत जातो आणि शेवटी मुसलमान होतो. वाळत गेलेला एक जण मंगरूळला कुणीतरी पाहिला होता. कुणी, ते कुणी सांगत नव्हतं.

डॉक्टर चिडले. बाजाराच्या दिवशी सगळ्यांना खुर्दबीन दाखवतो म्हणाले. खुर्दबीन म्हणजे बारीक गोष्ट मोठी करून दाखवणारी पितळी नळी. पण समजावून सांगणार कोण? डॉक्टरांना मराठी ‘पानी’ आणि ‘चलो’ एवढीच येत होती, आणि त्यातला ‘चलो’ मराठी नव्हता. सफाई दरोगा उद्धवरावांना बोलवायला आला.

“बेफिकीर राहा,” उद्धवराव त्याला म्हणाले. “अशी मराठी करतो का नाही, की डॉक्टरसाहेबांना स्वतःला कळायला लागेल.”

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ते जेवणाचा डबा घेऊनच चावडीत गेले. डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला. उद्धवरावांनी नळीला डोळा लावला. आत जत्रा भरली होती. कुणी पळतंय, कुणी गिरक्या घेतंय.

“ये जरासीम,” डॉक्टर म्हणाले. जरासीम म्हणजे जंतू. यांच्यातलेच काही हैजा, म्हणजे पटकी, करतात.

उद्धवराव बराच वेळ बघत राहिले. ज्यानं घर रिकामं केलं त्याला निदान एकदा डोळ्यांनी बघावं, तोंड कसं आहे ते बघावं. पण त्याला तोंडच नव्हतं. शिवी द्यायची तर कुठं बघून द्यायची?

मग डॉक्टरांचं लक्ष डब्याशेजारच्या वाटीकडं गेलं. त्यांनी दह्याचा कण घेतला, पाण्यात कालवला, निळं औषध लावून काच नळीखाली सरकवली. आता दिसल्या नुसत्या काड्या. कडबा बारीक चिरून टाकावा तशा. शांत. एकमेकींना चिकटून.

“हे पण?” उद्धवरावांनी विचारलं.

हे पण, डॉक्टर म्हणाले. पण हे आपले. दूध आंबवून दही हेच लावतात. शेणाचं खत असलेच करतात, पडल्या पानांची माती असलेच करतात. ते नसते तर आदमच्या काळापासून मेलेलं सगळं तसंच पडून राहिलं असतं आणि आपल्याला उभं राहायला जागा नसती. माणसाच्या पोटात जन्मल्यापासून त्यांची वस्ती असते, त्यांच्यावाचून अन्न नीट पचायचं नाही. लाखात एखादा हरामखोर निघतो. गावात चोर आहेत म्हणून गाव जाळता का?

“आणि कालच्या दह्यातले आज कुठं जातात?”

“जाएँगे कहाँ? कल वालों की औलाद आज। आज वालों की औलाद कल। जामन न बदलो तो सौ बरस वही ख़ानदान चलेगा।” जामन म्हणजे विरजण.

औलाद हा शब्द उद्धवरावांच्या कानात अडकला. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आणि मग त्यांना सेलूहून नव्यानं आलेली प्रमोदिनी आठवली. तिच्या आईनं, उद्धवरावांच्या सासूबाईंनी, सगळ्या वऱ्हाडासमोर तिच्या हातात गाडगं दिलं होतं. ‘आमच्या घरचं विरजण आहे हो, असं दही अख्ख्या निजामाच्या राज्यात लागत नाही.’ लग्नानंतर महिनाभर प्रमोदिनी आणि बसम्मा यांच्या वाट्या भिंतीवरून इकडून तिकडे नाचत होत्या. प्रमोदिनी गेली त्या गडबडीत घरातलं दही नासलं, कुणी नवं लावलं नाही. पण बसम्माच्या मडक्यात? तिथं तर लागतच होतं. रोज.

म्हणजे तिच्या हातचं जिवंत असं काही या जगात उरलं होतं, आणि ते या वाटीत होतं. उद्धवरावांनी उरलेलं दही खाल्लं. भाकरीशिवाय, हळूहळू, चावडीच्या भिंतीकडं तोंड करून. डॉक्टर समजले की माणसाला डोळ्याचा त्रास आहे. त्यांनी त्यावरही औषध दिलं.

ही गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी होती. पण कुणाला? ‘हाय’ आणि ‘बरं’ यांच्यामध्ये एवढी मोठी गोष्ट बसत नाही. माणसाला एक ऐकणारा मिळाला नाही, की तो बाजार गाठतो. तिथंच घोटाळा होतो.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. डॉक्टरांनी पाण्यापासून सुरुवात केली, पटकीचं सांगितलं, सुईचं सांगितलं. उद्धवरावांनी ते सगळं दोन वाक्यांत उरकलं. त्यांना दह्याकडं यायची घाई होती. आणि दह्याकडं आल्यावर ते कट्ट्यावर चढले.

“ऐका,” ते ओरडले. “हे दही कुणाचं? आमच्या शेजारच्या बसम्माकाकूंचं. ह्याच्यात जंतू हायत, जंतू! लाखोंनी. कालच मी माझ्या डोळ्यानं बघितलेत.”

एवढं बोलून ते अभिमानानं थांबले.

आता यात उद्धवरावांची चूक एवढीच, की ‘जंतू’ हा शब्द ते कुठल्याशा पुस्तकात शिकले होते आणि मानवतचा बाजार ते पुस्तक शिकला नव्हता. मानवतला ‘जंत’ ठाऊक होते. पोरांच्या पोटात होतात ते. वावडिंग दिलं की बाहेर पडतात ते.

“दह्यात जंत?” मुंजाजी वाणी म्हणाले.

“लाखोंनी म्हनायलेत.”

धुरपताबाई नावाची गल्लीतली एक बाई कपाळाला हात लावून खाली बसली. “आगं माय. मी काल दोन वाट्या वरपल्या की वं.”

मुंजाजींनी पुढं होऊन नळीला डोळा लावला आणि तो काढताना त्यांचा चेहरा दुधासारखा झाला होता. “हायत,” ते म्हणाले. “बोटाबोटायवढे.”

“अहो, ते मोठे करून दाखवलेत,” उद्धवराव कळवळून म्हणाले. “अन् ते जंत न्हाईत, जंतू. चांगले असतात ते.”

“जंत चांगले आसतेत?”

“जंतू! तुमच्यासुद्धा पोटात हायत. सगळ्यांच्या. जन्मापासून.”

 बाजारातल्या प्रत्येकाचा हात आपापल्या पोटावर गेला.

डॉक्टरांनी विचारलं, लोक काय म्हणतात?

“बहुत मुतअस्सिर हुए,” उद्धवराव म्हणाले. लय परिणाम झाला. हे भाषांतर मात्र अचूक होतं.

दिवस मावळायच्या आत मुंजाजींच्या दुकानातलं वावडिंग संपलं आणि एरंडेलाचे डबे उलटे झाले. मुंजाजींनी भाव दुप्पट केला. स्वतःही प्याले, पण ते घरच्या भावानं. ज्यांना वाटीभर पुरेसं होतं ते तांब्याभर प्याले, कारण लाखोंनी म्हटल्यावर वाटीत काय होणार?

पहाटे मानवतच्या चारी दिशांना लोटा घेतलेल्या माणसांची रीघ लागली. मोकळ्या रानात बसायला आडोसा मिळेना. दोन भाऊबंद, ज्यांचा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, वर्षानुवर्षं अबोला होता, ते त्याच धुऱ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले दिसले. मुंजाजी तर निम्म्या वाटेतच बसले. सफाई दरोगा घोड्यावरून येत होता. त्यानं हा देखावा बघितला आणि घोडं तसंच वळवलं. पाथरीला पोचलेल्या डॉक्टरांपुढं जाऊन तो धापा टाकत म्हणाला, “साब, हैजा! पूरा मानवत बैठ गया!”

ती बातमी दरोग्याच्या आधीच गावात फिरून आली. पटकी आली. मग काय विचारता? काल ज्यांना सुई टोचून मुसलमान व्हायची भीती होती ते चावडीवर एकमेकांना कोपरांनी ढकलू लागले. मुंजाजी सगळ्यांत पुढं. मधूनच रांग सोडून पळत जायचे, परत येऊन म्हणायचे, “मी हितंच हुतो, इचारा कुनालाबी.”

पाथरीहून धावत परतलेल्या डॉक्टरांनी दोन-चार नाड्या पाहिल्या. मग एकाच्या तोंडाचा वास घेतला.

“ये हैजा नहीं है,” ते उद्धवरावांच्या कानाशी पुटपुटले. “एरंडी का तेल है।”

“सांगू का लोकांना?”

“ख़बरदार,” डॉक्टर म्हणाले आणि पुढचा दंड धरला.

संध्याकाळपर्यंत सगळं गाव टोचून झालं. निघताना डॉक्टरांनी उद्धवरावांचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की सरकारच्या अख्ख्या खात्याला जमलं नाही ते तुमच्या एका भाषणानं केलं. उद्धवरावांनी मान डोलावली. त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सकाळी हाक आली नव्हती.

दुसऱ्या सकाळीही आली नाही. ते दाराशी जाऊन खोकले. मग जरा मोठ्यानं खोकले. पलीकडं म्हैस हंबरली, बसम्मा नाही. भिंतीवर दह्याचं मडकं उपडं घातलेलं होतं, राखेनं घासून पांढरंफटक. ते त्यांच्याच अंगणाकडं तोंड करून ठेवलं होतं. बसम्मानं सगळं दही उकिरड्यावर ओतलं होतं. तिच्याकडून आता कुणी दही घेत नव्हतं. जाता-येता बायका तिच्या दाराशी पदर नाकाला लावत होत्या. ज्या बाईनं पटकीत मढ्याला हात लावला, तिच्या दारात आता या पदर लावणार! याला म्हणतात गाव.

उद्धवराव तिच्या दाराशी गेले.

“बसम्माकाकू, तुम्ही समजता तसं न्हाई ते.”

दार उघडलं नाही. आतून आवाज आला. “तुमी जावा बाबा. तुमी सरकारचे मानसं. आमी जंताचे.”

“अहो, मी तुमची तारीफ करत होतो.”

“मग निंदा केली आसती तर बरं झालं आसतं. म्हशी तरी ठिवता आल्या आसत्या.”

त्या दिवशी ‘हाय’ नाही, ‘बरं’ नाही. दुसऱ्या दिवशी नाही. जिनिंगमध्ये कुणीतरी काहीतरी विचारलं आणि उत्तर द्यायला गेले तर आवाज भलताच निघाला. न वापरलेल्या रहाटासारखा तो कुरकुरला. घरी येऊन ते रिकामी वाटी पुढं घेऊन बसले. बायको एकदा पटकीनं नेली होती. तिचं जे काही मागं उरलं होतं ते आपण बाजारात उभं राहून, स्वच्छ मराठीतून, मारलं. आपल्यासारखा अडाणी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. तालुकदारसाहेबसुद्धा नाहीत.

मग एकदम ते उठले. विरजण! बसम्माचं विरजण तर सगळ्या गल्लीत गेलेलं. कुणाकडं तरी उरलं असेल.

“ते होय? फेकलं की,” धुरपताबाई म्हणाली. “खड्डा करून पुरलं. वर दगड ठिवला.”

दुसरीकडं जाळून टाकलं होतं. दही कसं जाळलं, ते विचारायच्या फंदात उद्धवराव पडले नाहीत. तिसरीनं सल्ला दिला, की दुधात मिरचीची देठं टाका, आपोआप विरजतं. “मला आपोआप नको,” उद्धवराव म्हणाले. “मला तेच पाहिजे.” दार लावताना ती घरात कुणाला तरी म्हणाली, “बायको गेल्यापसनं भरमलंय बिचारं.”

उरला एक सांबप्पा. बसम्माचा धाकटा दीर. स्टेशनच्या वाटेवर ताकाची टपरी चालवायचा. ताकात पाणी घालतो म्हणून बसम्मा त्याला एकदा चारचौघांत बोलली होती, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. उद्धवराव भर उन्हात चालत तिथं पोचले. टपरीवर गिऱ्हाईक होतं. ताक होतं.

“तुम्ही फेकलं न्हाई?”

“कशापायी फेकू?”

“जंत म्हणून.”

“जंताला जगायला निदान दही लागतंय उद्धवराव,” सांबप्पा म्हणाला. “माज्या ताकात त्यांनी खायाचं काय?”

“हे बसम्माकाकूंच्याच विरजणाचं ना?”

“मंग कुनाच्या? वेगळा निगालो तवा भांडीकुंडी तिकडं ऱ्हायली, म्हस तिकडं ऱ्हायली. येवढं विरजण तेवढं आलं माज्या वाट्याला.” त्यानं मडक्याच्या तळातलं घट्ट दही वाटीत काढलं आणि वर पान झाकलं. “माज्याकडनं नेलं म्हनून सांगू नका वैनीला.” उद्धवराव चार पावलं गेले तोवर तो मागून ओरडला, “अन् सांगितलंच तर म्हनावं, पानी कमी केलंय.”

उद्धवराव ती वाटी दोन्ही हातांत धरून मानवतपर्यंत आले. तान्हं मूल आणावं तशी. वाटेत कुणी रामराम घातला तर त्यांनी नुसती मान हलवली, कारण हात मोकळा नव्हता.

बसम्माच्या कट्ट्यावर ते बसले आणि बंद दाराशी बोलू लागले. सगळं बोलले. खुर्दबीन, काड्या, खत, माती, पोटातली वस्ती, जंत वेगळे आणि जंतू वेगळे. मग सेलूचं गाडगं, वऱ्हाडासमोरची सासूबाई, भिंतीवरच्या वाट्या. एवढं ते वर्षभरात बोलले नव्हते. 

“हिच्यात प्रमोदिनी हाय, काकू,” ते म्हणाले. “तेवढं लावा. मला देऊ नका पाहिजे तर. लावा फक्त.”

दार किलकिलं झालं. एक हात बाहेर आला, वाटी आत गेली, दार लागलं.

“कुनाचं हाय हे?”

“सांबप्पाचं.”

“वाटलंच. पातळ हाय.”

दुसऱ्या सकाळी उद्धवराव उजाडायच्या आधीच दाराशी खोकून खोकून थकले होते. उन्हं अंगणात आली. आणि हाक आली.

“उद्धवराव, हाईत का घरात?”

“हाय,” ते म्हणाले. आवाज चिरकला. “हाय, हाय.”

बसम्मानं वाटी कट्ट्यावर ठेवली. पण आज ती गेली नाही. पदर सावरून कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. उद्धवरावांनी दही बघितलं. चांगलं घट्ट लागलं होतं. त्यांनी पहिलं बोट तोंडात घातलं आणि डोळे पुसले.

“येक सांगू का?” बसम्मा म्हणाली. “रागावनार न्हाई ना?”

“न्हाई.”

“तुमच्या सासूनं दिलेलं ते गाडगं, ते सेलूच्या गाडीतच फुटलं. सगळं इरजन लुगड्यावर. नवी नवरी, लय घाबरली. मागच्या दारानं रडत माज्याकडं आली, म्हनली काकू, तुमच्याकडचं द्या थोडं, अन् माज्या घरी कुनाला बोलू नका. तुमच्या सासूबाई आल्या तवा त्येच दही खाऊन म्हनल्या, वळकलं, हे आमच्या घरचं. आमी दोगी भिंतीआड पोट धरून हसलो.”

 प्रमोदिनी भिंतीआड पोट धरून हसते, हे उद्धवरावांना कधी ठाऊकच नव्हतं.

“मग वाट्या? त्या तर इकडून तिकडे...”

“तिकडून रिकाम्या यायच्या. आवो, आमच्या घरात भाहेरचं इरजन शिरलंय का कदी? आमची सासू उभी जाळली आसती मला. हे तिचंच हाय. म्हातारीनं लावलेलं, आजून तेच चालू हाय.”

“म्हणजे,” उद्धवराव सावकाश म्हणाले, “हे चन्नबसम्माचं.”

“तिचंच. तुमी कालपसनं तिचीच आवलाद कडंवर घिऊन हिंडायलात.”

उद्धवरावांनी वाटीकडं बघितलं. वाटीतून कुणीतरी ‘कारकुंड्या’ म्हणाल्याचा त्यांना स्पष्ट भास झाला. त्यांनी वाटी जरा लांब सरकवली.

बसम्मा अजून बसलेलीच होती. “आनखी येकदा काय झालं म्हाईत हाय का,” ती म्हणाली, “तुमची प्रमोदिनी आन् मी...”

उद्धवरावांनी वाटी पुन्हा जवळ ओढली.